उरलेला शब्द

"नालायक," पाळकसाहेब म्हणाले.

आप्पासाहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला. शब्द नेमका कोणासाठी होता हे पाहायला त्यांनी मागे वळून बघितलं. मागे फक्त फ्रिज होता.

"तुम्हालाच असं नाही," पाळकसाहेबांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच म्हणतात."

पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि पाळकसाहेबांचा, म्हणजे रेव्हरंड शरच्चंद्र आढावांचा, उजवा हात गेला, आणि सगळी भाषा गेली. एकतीस वर्षं दर रविवारी पंचेचाळीस मिनिटं उपदेश करणाऱ्या माणसाकडे एवढा एकच शब्द राहिला. स्पीच थेरपीला येणारी स्वराली म्हणाली होती, असं होतं. कुठला शब्द उरेल ते पेशंटच्या हातात नसतं, आणि तो जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं असंही नाही. चर्चच्या मंडळीला हे पटलं नाही. ज्यांनी उभ्या जन्मात कोणाला साधं 'मूर्ख' म्हटलं नव्हतं, त्यांच्या पोटात इतकी वर्षं हेच होतं, असं मंडळीचं मत पडलं. ते कोणाबद्दल होतं, याची प्रत्येकाला खाजगीत खात्री होती.

मंदाकिनीबाईंना तर ते रोजचंच. जेवायला बसलं की ताटाकडे बघून सहा-सात वेळा. त्यांनी आधी मीठ कमी केलं. मग वाढवलं. मग ताटं आपटायला सुरुवात केली. राग मात्र नवऱ्यावर नव्हता. ज्याची जन्मभर चाकरी केली त्यानेच आवाज काढून घेतला, तोही ज्याचं सगळं आयुष्य आवाजावर उभं होतं त्याचा! झटक्याच्या दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या जिन्यात, त्यांनी देवाशी बोलणं बंद केलं. पुण्यात लोक भावकीशी बंद करतात तसं. कायमचं, आणि कारण न सांगता.

"पाळकीणबाई, येण्याचं कारण असं," आप्पासाहेब म्हणाले. ते मंडळीचे सेक्रेटरी होते आणि कारणं फाइलमध्ये घेऊन फिरत. "गेल्या रविवारी प्रभुभोजनाला नव्या पाळकांनी द्राक्षरसाचा प्याला पुढे केला, आणि साहेब त्यांना... ते म्हणाले. माइक चालू होता."

"मग?"

"मग कमिटीत असं ठरलं, की बरं वाटेपर्यंत साहेबांनी उपासना घरूनच बघावी. ऑनलाइन. उत्तम सोय आहे. म्यूटसुद्धा करता येतं."

रविवार हा नवऱ्याच्या आठवड्यातला एकच जिवंत दिवस. त्या दिवशी ते स्वतःहून शर्टाच्या बाहीत हात घालत. वारज्याच्या घरापासून चर्चपर्यंत रिक्षात ताठ बसत. बाकीचे सहा दिवस भिंतीकडे बघत.

"तुमच्या मुलांचे बाप्तिस्मे ह्यांनी केले. तुमची लग्नं लावली, तुमची माणसं पुरली. आणि आता म्यूट?"

"गैरसमज नको. रविवारशाळेतली मुलं हल्ली एकमेकांना तेच म्हणायला लागलीत."

"आधी काय म्हणायची? भगिनी-बंधू?"

आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं. ख्रिस्ती घरातून प्रार्थनेशिवाय उठायचं नाही, असा रिवाज. त्यांनी डोळे मिटले. आप्पासाहेबांची प्रार्थना म्हणजे देवाला सादर केलेला अहवाल असे. त्याला यातलं काहीच कळलेलं नसणार, अशा समजुतीने ते सगळं सविस्तर सांगत. छपराची गळती, कमिटीचा ठराव, ठरावाला अनुमोदन कोणाचं. शेवटी आवाज ओला करून ते म्हणाले, "आणि हे प्रभू, तुझ्या या दासाच्या मुखातून तो अशुद्ध शब्द काढून टाक..."

"थांबा!"

प्रार्थनेत मध्येच कोणी बोलत नाही. आप्पासाहेबांनी एक डोळा उघडला.

"ह्यांच्याकडे एकच शब्द उरलाय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तोही काढून घे म्हणून सांगताय? बाकीचं पाच महिने ऐकलं नाही त्याने. एवढं मात्र लगेच ऐकेल, भरवसा नाही त्याचा!"

"मग तुम्हीच करा प्रार्थना."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

यावर फाइलमध्ये काही तरतूद नव्हती.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. चांगला हात मांडीवर उताणा होता.

"नालायक," ते म्हणाले. थांबले. "नालायक नालायक. नालायक, नालायक नालायक..."

आप्पासाहेबांनी फाइल छातीशी धरली. "बघा! आता तर थांबतच नाहीत!"

मंदाकिनीबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते त्यांनी दिलं नाही. त्या ऐकत राहिल्या. शब्द एकच होता, पण त्याला घाई नव्हती. एका ठिकाणी आवाज चढला, पुढे सावकाश उतरला. मध्येच एक श्वास घेतला गेला, शिव्या देणारा माणूस जिथे कधी घेत नाही तिथे. मंदाकिनीबाईंचे ओठ हलायला लागले. त्यांनी ते दाबून धरले. ओठ ऐकेनात.

"अहो, आवरा ना त्यांना," आप्पासाहेब कुजबुजले.

"गप्प बसा आणि डोळे मिटा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे कधीच मिटले होते. "प्रभूची प्रार्थना चाललीय. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'पर्यंत आलेत ते."