कॅप्टन हॅरोबीचा खडक

“तीस मीटर! बोटभरसुद्धा कमी नाही,” विनिफ्रेडबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं, आणि नगरसभेतल्या नऊच्या नऊ जणांनी मुकाट हात वर केले.

ठराव पास झाला. हॅरोबी गाव वसवणारा कॅप्टन हॅरोबी दोनशे वर्षांपूर्वी ओंटारिओ सरोवरातून येऊन ज्या खडकावर उतरला, तो खडक जिथे असेल तिथे, त्याच्याभोवती तीस मीटरच्या आत कुणाचंही खासगी बांधकाम राहणार नाही. असेल ते मालकाने बर्फ पडायच्या आत स्वखर्चाने हलवावं. ‘जिथे असेल तिथे’ हे शब्द बाईंनी स्वतः घातले होते, कारण खडक कुठे दिसत नव्हता. तो लॉर्नच्या टपरीच्या फळ्यांखाली पुरला गेलाय, असं त्या अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत आल्या होत्या.

लॉर्न मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. एकतीस वर्षं तो काठावर तळलेले मासे आणि बटाटे विकत होता. टपरी गेली की त्याचं पोट गेलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण इतिहासापुढे बोलणार कोण? हॅरोबीत इतिहास म्हणजे विनिफ्रेडबाई. इतिहास मंडळाच्या अध्यक्ष त्या, गावावरची पुस्तिका त्यांची, आणि संग्रहालयात कॅप्टनच्या रोजनिशीचं जे एकुलतं एक पान होतं, त्याच्या काचपेटीची किल्लीही त्यांच्याच पर्समध्ये. आता खरं सांगायचं तर टेकाडावरच्या त्यांच्या व्हरांड्यातून सरोवर दिसायचं ते नेमकं लॉर्नच्या धुराड्यामागे, आणि उन्हाळ्यात वारा फिरला की बाईंच्या चहाला माशाचा वास यायचा. पण हे का ठरावात लिहायचं असतं?

“लॉर्न, मनाला लावून घेऊ नकोस हं,” बाई मागे वळून गोड आवाजात म्हणाल्या. “जिथे पहिल्या माणसाचं पाऊल पडलं, तिथे मासे तळणं बरं दिसतं का, तूच सांग.”

“मी काय सांगणार, बाई?” लॉर्न म्हणाला. “तेव्हा हजर तुम्ही होतात.”

सभागृहात खसखस पिकली. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

महापौरांनी नगरपालिकेचे नकाशे काढणाऱ्या ओडेटला वर्तुळ आखायला सांगितलं. ओडेट उठली खरी, पण तिचं पेन काही कागदाला टेकेना.

“मध्य कुठे धरू?” तिने विचारलं. “जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पाहिला मी. कॅप्टनचा खडक पाण्यात येतोय. काठापासून ऐंशी पावलं आत.”

“काहीतरीच काय!” बाई म्हणाल्या.

“काठच मागे सरकलाय, बाई. आपल्याच गावची गलबतं वर्षानुवर्षं तळाचे दगड लोखंडी आकड्यांनी उपटून टोरांटोला बांधकामासाठी विकत होती ना? दगड गेले, मग लाटांनी माती नेली. परवा पाणबुड्याला खाली पाठवलं होतं. तिथे खडक नाही. नुसता चिखल.”

लॉर्नने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. बाईंची अकरा वर्षांची मेहनत अशी चिखलात गेली. पण हार मानतील त्या विनिफ्रेडबाई कसल्या!

“म्हणजे कुणीतरी नेला!” त्या कडाडल्या. “गावाच्या मानबिंदूची चोरी! शोधून काढा तो. कुणाच्या का दारात असेना, ठराव लागू म्हणजे लागू. सूट नाही, सबब नाही. लिहून घ्या हे!”

कारकुनाने लिहून घेतलं. सगळ्यांनी पुन्हा हात वर केले.

“पण ओळखायचा कसा?” महापौरांनी विचारलं.

“त्याची सोय झालीय,” ओडेट म्हणाली. “कॅप्टनच्या वंशजांनी बाकीची अख्खी रोजनिशी पाठवलीय. आपल्याकडचं पान ‘मी खडकावर उतरलो’ इथे संपतं. पुढचं वाचते.” तिने चष्मा चढवला. “‘खडकावर आधीच इथली सात-आठ माणसं मासे भाजत बसली होती. त्यांनी सरकून मला जागा दिली, आणि एक मासाही दिला.’”

“अरे लॉर्न, तुझी टपरी तर कॅप्टनच्याही आधीची निघाली!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि असा हशा उठला की महापौरांनाही तोंडावर रुमाल धरावा लागला. बाईंनी ओठ आवळले. ‘हॅरोबीत पहिलं मानवी पाऊल कॅप्टनचं’ हे त्यांच्या पुस्तिकेतलं पहिलंच वाक्य होतं.

“‘खडक सपाट, एका माणसाएवढा लांब,’” ओडेट पुढे वाचत होती, “‘आणि त्याच्या मधोमध दगड होऊन रुतलेला कसलासा प्राणी. दिसायला हुबेहूब गाजर. टोक तेवढं तुटलेलं.’”

हशा थांबला. एकेक मान विनिफ्रेडबाईंकडे वळली.

हॅलोविनच्या संध्याकाळी मुखवटा घालून, दारोदार खाऊ मागत, पिशवी पसरून त्या गाजरावर उभं राहिलं नाही असं पोर हॅरोबीत जन्मलंच नव्हतं. ते गाजर होतं बाईंच्या घराच्या दगडी पायरीत. त्यांच्या पणजोबांची स्वतःची तीन गलबतं होती, आणि घर बांधताना त्यांनीच ती दारात बसवली होती. पुस्तिकेत तिचा पानभर फोटो होता, खाली अभिमानाने छापलेलं: ‘अखंड शिळा, आपल्याच काठची.’ दरवर्षी त्या पायरीवर पोरं चॉकलेटच्या आशेने उभी राहायची, आणि बाई प्रत्येकाच्या पिशवीत मोजून एक मनुक्यांची डबी टाकायच्या.

ओडेटने नकाशावर त्या पायरीच्या जागी पेन टेकवलं आणि वर्तुळ काढलं. त्यात घर आलं, गॅरेज आलं, गुलाबही आले.

बाईंनी महापौरांकडे पाहिलं. महापौरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, “सूट नाही, सबब नाही.”

लॉर्न उठला आणि सावकाश पहिल्या रांगेपर्यंत आला.

“मनाला लावून घेऊ नका हं, बाई,” तो म्हणाला. “सामान हलवायला माझी गाडी आहे. भाडं नको. मनुक्यांची एक डबी दिलीत तरी पुरे.”