लाल ठिपका

"तुला काय काय थांबवता येतं?"

हे विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी भिंगरीशी पैज लावली होती. विचारायचं होतं कोड लिहायच्या एडिटरला जोडायला तिने स्वतः बनवलेल्या एक्स्टेन्शनला, म्हणजे छोट्या जोड-प्रोग्रामला. एडिटरमध्ये प्रश्न टाकला की ते उत्तर देणार होतं, त्यामुळे स्वारी सकाळपासून हवेत होती.

तिने प्रश्न टाकला. उत्तर काही येईना. मग चूक शोधायला तिने कोडच्या एका ओळीपुढे लाल ठिपका ठेवला आणि प्रश्न पुन्हा टाकला. असा ठिपका असला की प्रोग्राम त्या ओळीवर येऊन थांबतो आणि आत काय चाललंय ते बघता येतं.

शेजारच्या खोलीत आईचं शिलाई मशीन खडखडत होतं. "अगं भिंगरे, त्या डबड्यापायी डोळे जातील तु..."

प्रोग्राम थांबला. मशीन थांबलं. आईही.

भिंगरीने दारातून डोकावलं. आईचं तोंड उघडंच होतं. बाबा पेल्यात पाणी ओतत होते आणि धार मध्येच लटकली होती.

"पुरे हं चेष्टा!"

कुणाची पापणी लवली नाही.

ती धावत परत आली. ठिपका काढला, 'चालू करा' दाबलं. ढिम्म. शेवटी तिने प्रोग्राम एकेक ओळ पुढे नेणारं 'पुढची ओळ' दाबलं.

"...झे," आई म्हणाली. मशीनने एक टाका घातला. पुन्हा सगळं गप्प.

तिने पुन्हा दाबलं. एकच टाका. पाणी बोटभर खाली आलं.

बोट दुखायला लागलं तेव्हा तिने दुसरं बोट लावलं आणि त्यांना ऐकू जावं म्हणून प्रत्येक शब्दाला कळ दाबत, रडत सांगितलं, "आई, बाबा, मी शाळा सोडतेय. आता इथून कधीच उठणार नाही."