आंदणातलं ग्राफिक्स कार्ड

“मावशी, खरं सांगा. कोणी पाठवलं तुमाले?”

संघर्षने काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारलं. दुकान उघडून पाच मिनिटं झाली नव्हती आणि त्याचं डोकं तापलं होतं. नवीन ग्राफिक्स कार्ड बाजारात येऊन महिना झाला, नागपुरातही ते औषधाला मिळत नव्हतं, आणि यवतमाळातल्या त्याच्या एवढ्याशा दुकानाला आज नग आला होता एक. त्या एकासाठी शटरपुढं नऊ पोरं उभी. आणि नऊही पोरांच्या पुढं, पायरीवर, पहिला नंबर लावून बसलेली एक झिजकी चपलांची जोडी.

चपला या बाईच्या. धुरपताबाई, पांढरकवड्याकडच्या तांड्यावरची. पहिल्या एसटीनं आली, शटर बंद दिसलं, तर कपाशीच्या बियाण्यासाठी कृषी केंद्रापुढं ठेवतात तशा चपला ठेवून समोरच्या लिंबाखाली जाऊन बसली. पोरं खूप हसली. पण वऱ्हाडातलीच पोरं ती, आयाबायांचे असे नंबर जन्मापासून पाहिलेली. चपला ओलांडून पुढं जायची एकाचीही छाती झाली नाही.

संघर्ष मात्र एकदा पोळला होता. मागच्या खेपेला एका भामट्यानं रोजीनं माणसं आणून रांगेत उभी केली, सगळी कार्डं उचलली आणि दुपटीनं विकली. खरी गिऱ्हाइकं हात हलवत गेली. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. ज्याच्या कामाचं त्यालाच द्यायचं, नाहीतर नग दुकानात पडून राहिला तरी चालेल. आणि आज ही म्हातारी पुढ्यात. संशय येणार नाही तर काय होणार!

“कोण पाठवते मले? मीच आली,” धुरपताबाई म्हणाली आणि तिनं पिशवी काउंटरवर उपडी केली. आधार कार्डं, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा. “काय लागते ते घ्या. झेरॉक्सबी हायेत.”

मागं खसखस पिकली. “मावशी, सातबाऱ्यावर नाही भेटत हे!” दोन नंबरवरचा अतुल म्हणाला.

तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. पिशवीच्या तळाशी वहीचं एक पान होतं. त्यावर कार्डाचं नाव, नंबरासकट, सुबक अक्षरात लिहिलेलं. आणि लिहून झाल्यावर दोन रेघांनी खोडलेलं.

“पोरीनं लिवलं होतं. मंग किंमत पाहून खोडलं. म्या गुपचूप उचलून आणला कागद. शुक्रवारी लगन हाये तिचं. आंदणात द्याचं हाये.”

“आंदणात? हे?” संघर्षला हसू आवरेना. “मावशी, आंदणात कपाट देतात. कायले लागते तिले हे? गेम खेळाले?”

“घरं बनवते ना ते. कंपूटरवर.” म्हातारी पुढं सरकली. “नागपूरच्या साहेबाचं काम हाये. जे घर अजून बांधलंच नाही, ते बांधल्यावानी दाखवते. भिती, दारं, पलंग, सारं. म्या बाजूले बसून पाह्यतो रोज. घर बिगीनं होते, भाऊ. पण त्याच्यात ऊन पडाले लय टाईम लागते. खिडकीतून ऊन सोडलं का तो डबा गिरणीवानी घरघरते. घंटा-घंटा. मंग कुठं फरशीवर उजेड येते. आता डब्यातलं कार्डच जळलं. काम बंद.”

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं.

“रेंडरिंग सांगून राह्यली ना, दादा,” अतुल हळूच म्हणाला.

“माणूस चांगला पाह्यला,” ती पुढं बोलत राहिली. “त्याचं काही नाही. पण नव्या घरी गेल्या गेल्या तिनं दहा रुपयासाठीबी कोणापुढं हात पसरावा, हे मले नाही चालत. हाताले काम पाह्यजे तिच्या. कपाट तं कोणीबी देते.”

तेवढ्यात तिच्या कमरेच्या बटव्यातला फोन वाजला. पलीकडचा आवाज साऱ्या दुकानाला ऐकू गेला. “याडी!” पोरीच्या आवाजात काळजी होती आणि थोडा रागही. पुढचं सगळं गोरमाटीत, तांड्यावरच्या बोलीत, संघर्षला कळलं नाही. पण याडी म्हणजे आई, एवढं त्याला कळत होतं.

“दवाखान्यात आली होती, येतो आता,” धुरपताबाईनं मराठीत धडधडीत खोटं सांगितलं, फोन ठेवला आणि दुकानभर पाहून डोळे मिचकावले. पोरं खळखळून हसली. या वेळचं हसणं वेगळं होतं.

संघर्षला स्वतःचीच लाज वाटली. त्याच्या आईनं त्याला कॉलेजात घालताना असंच कोणाकोणाच्या दारात उभं राहून काय काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे. त्यानं अतुलकडं पाहिलं. अतुलला ते कार्ड जिवापाड हवं होतं, महिनाभर तो रोज विचारून जायचा.

“माह्याकडं काय पाहून राह्यले, दादा? नंबर मावशीचा हाये,” तो म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडीला किक मारू लागला.

संघर्षनं खोकं काढलं, फोडून दाखवलं, जुन्या वर्तमानपत्रात पुन्हा नीट गुंडाळलं. पैसे घेतले. भावात जेवढं सोडता आलं तेवढं न सांगता सोडलं.

“बिल पोरीच्या नावानं करा,” धुरपताबाईनं बजावलं. “वस्तू तिची हाये. उद्या कोणी म्हणाले नोको.”

कागदांतून तिनं पोरीचं आधार कार्ड पुढं सरकवलं. संघर्षनं वाचून टाइप केलं: राखी ओम राठोड. प्रिंटर सुरू झाला. बिल निघेपर्यंत काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, “एवढी महागाची वस्तू न्याची, मावशी, अन् एकट्याच आल्या? पोरीच्या वडलाले आणाचं होतं संगं. ओमभाऊ नाही आले?”

धुरपताबाईनं खोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

“ओम तिचा बाप नोहे, भाऊ,” ती म्हणाली. “नवरा होता तिचा. माहा पोरगा.”