नजर माझ्यावर ठेव

"आजोबा, व्हा बाजूला," हवालदार खेकसला. "पुलावर जायला बंदी आहे."

"अहो, बंदी कुणाला घालताय? तो पूल ह्यांनीच बांधलाय," मोटारीतून आजी कडाडल्या. "जनरल होते हे. फौजेतले इंजिनिअर!"

हवालदाराने आजोबांच्या पायांतल्या सपाता पाहिल्या, मग डोळे पाहिले, आणि मुकाट्याने बाजूला झाला.

नवा पूल सकाळीच पुरात खचला होता. उरला होता हा जुना, लोखंडी, वर लाकडी फळ्या टाकलेला. अलीकडे ऑक्सिजनच्या सिलिंडरांनी भरलेला ट्रक, पलीकडे दवाखाना, आणि तिथला ऑक्सिजन संपत आलेला. ड्रायव्हर काही जागचा हलेना. "मला पोरंबाळं आहेत, साहेब," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

जनरलसाहेब पुलाखाली उतरले. दगडाने एकेक सांधा ठोकत, कान लावून ऐकत राहिले. आणि हे कुठल्या वयात, तर नातवंडं कॉलेजात गेल्यावर! चिखलाने माखून वर आले आणि म्हणाले, "पेलेल. सावकाश घे. मध्येच ब्रेक नाही, गिअर नाही. पाण्याकडे बघायचं नाही. नजर माझ्यावर ठेव."

"घरातला नळ महिनाभर गळतोय, तो नाही दिसत ह्यांना," आजी पुटपुटल्या. मोटारीचं दार मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

जनरलसाहेबांनी सपाता काढल्या. ट्रकसमोर, ड्रायव्हरकडे तोंड करून उभे राहिले आणि उलट्या पावलांनी पुलावर चालू लागले. एका बाजूचा कठडा कधीच वाहून गेलेला. फळ्या करकरल्या, अख्खा पूल कण्हला. त्यांचे हात तेवढे शांतपणे हलत होते. जरा डावीकडे. सरळ. ये, ये. अनवाणी टाच मागची फळी न बघता नेमकी शोधत होती.

काठावर गर्दी जमली होती. हवालदाराची शिट्टी तोंडातच राहिली. असं काही आपण पुन्हा बघणार नाही, हे ज्याला त्याला कळत होतं.

चाकं पलीकडच्या मातीला लागली. ड्रायव्हर घामाने निथळत होता. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "साहेब, एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाहीत! भीती नाही वाटली?"

"वाटली की." जनरलसाहेबांनी हातानेच त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवला. "पूल माझ्या ओळखीचा होता. नवा तू होतास."