आठवड्यातले दोन तास

संगणकाच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला तशी मुफलिहने खुर्ची पुढे ओढली आणि दोन पेल्यांत कॉफी ओतली.

"बाणाला कॉफी पाजतोस?" शेजारचा मिठाईवाला झुहदी दारातून म्हणाला.

"पाहुणा आला की पेला भरायचा. प्यायची की नाही ते त्याचं तो बघेल."

जॉर्डनमधल्या अस-सल्त गावच्या चढावर मुफलिहचं कॉफीचं दुकान. बिया भाजायच्या, वेलदोडे घालून दळायच्या, पुड्या बांधायच्या. इतकी वर्षं तराजू आणि तोंड यांवरच धंदा चालला. मग अम्मानची गिऱ्हाइकं फोनवरून मागण्या टाकायला लागली आणि नाइलाजाने संगणक आला. आला तो दुखणं घेऊनच. रमजानच्या ऐन गर्दीत तो बंद पडला आणि ईदच्या सगळ्या मागण्या पोटात घेऊन बसला. त्यानंतर आठवडाभर लोकांनी मुफलिहची जी काही पूजा बांधली ती विचारू नका.

"आता माणूस ठेव," झुहदी तेव्हा म्हणाला होता.

"एका संगणकाला पगारी माणूस? उद्या म्हणशील तराजूला डॉक्टर ठेव."

"पूर्ण पगारी कोण म्हणतंय? दुरुस्तीवाल्याला एका आठवड्यात तीनदा बोलवावं लागलं की समजावं, आता अर्धवेळ माणूस हवा. दुकान छोटं, तर माणूसही थोडाच."

नेमका त्याच आठवड्यात फोनवर निरोप आला. 'छोट्या दुकानांचे संगणक सांभाळतो. आठवड्यातून दोन तास. काम दुरून करतो, प्रत्यक्ष येत नाही.' खाली नाव नव्हतं. मुफलिहने दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर बाण हलायचा. मागण्या आता हरवत नव्हत्या. रोज संध्याकाळी त्यांची नक्कल आपोआप दुसरीकडे जपून ठेवली जायची. पण खरं सांगायचं तर मुफलिहला त्याचं फारसं काही नव्हतं. बायको गेल्यापासून घरी भिंतींशीच गाठ होती, आणि आठवड्यातले हे दोन तास कुणीतरी त्याच्यासाठी काहीतरी करत होतं. एकदा पडद्यावर अक्षरं उमटली, 'जेवलात का?' मुफलिहने चष्मा चढवला. मग एका बोटाने त्याने लिहिलं, 'मसूर.' त्या दिवशी दुकान बंद करताना तो गुणगुणत होता.

झुहदीला मात्र हे पटत नव्हतं. एकदा विजेने गोंधळ घातला तेव्हा निरोप आला, 'आधी मीटरचं बटण बंद करा, वेलदोड्याच्या पोत्यामागचं.'

"त्याला पोतं कसं ठाऊक?" झुहदीने विचारलं.

"सगळ्यांच्या दुकानात मीटर पोत्यामागेच असतो."

"माझ्याकडे पोतीच नाहीत. अरे, हा तोंड दाखवत नाही, आवाज ऐकवत नाही. एक दिवस तुझी सगळी गिऱ्हाइकं घेऊन पसार होईल. तुझ्या भल्यासाठी सांगतो, अबू राकान..."

झुहदीने जीभ चावली. बाजारात सगळे एकमेकांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत, अबू अमका, अबू तमका, म्हणजे अमक्याचा बाप, तमक्याचा बाप. पण चार वर्षांपूर्वी एका सकाळी मुफलिहने सांगितलं होतं, आजपासून मला हाजी म्हणा. का, ते कुणी विचारलं नाही. अबू राकान म्हटलं तर तो ओ देत नसे.

आणि मुफलिहचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. सोंगट्यांच्या डावावरून एकदा भांडण झालं, तेव्हा त्याने झुहदीच्या खुर्चीवर पुन्हा न बसण्याची शपथ घेतली. वर्ष उलटलं तरी तो उभ्यानेच खेळायचा. शेवटी झुहदीनेच हात टेकले आणि एक स्टूल आणलं. शपथ खुर्चीची होती. मुफलिह निमूटपणे स्टुलावर बसला, आणि तोही डाव हरला.

मग एका मंगळवारी संगणक सुरूच झाला नाही. बाण नाही, अक्षरं नाहीत. मुफलिहने फोनवर कळवलं. उत्तर आलं, 'आतला भाग गेला असावा. ओळखीच्या माणसाला पाठवतो.'

"बघ," झुहदी म्हणाला. "स्वतः येत नाही. आज सोक्षमोक्ष लाव. लिही, तुम्हीच या, नाहीतर काम बंद."

मुफलिहचा चेहरा पडला. काम बंद म्हणजे मंगळवार बंद. हातातला पेला त्याने खाली ठेवला. मग चष्मा पुसून त्याने एकेक अक्षर लिहिलं, 'तुम्हीच या.'

उत्तराला फार वेळ लागला. 'माफ करा. मी दुकानात येऊ शकत नाही.'

"झालं समाधान?" झुहदी म्हणाला. "सरळ माणूस दुकानात यायला कशाला घाबरेल?"

मुफलिहने संगणकाच्या तारा सोडवल्या. "टेबल पलीकडून धर," तो म्हणाला.

"भंगारात देतोयस?"

"धर म्हटलं ना."

दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत ते टेबल दुकानाच्या पायऱ्यांवरून खाली फुटपाथवर उतरवलं. मुफलिहने संगणक त्यावर ठेवला, दुकानातून लांब तार ओढली, दोन खुर्च्या मांडल्या, कॉफी चढवली. मग फोनवर एक ओळ लिहिली आणि बसून राहिला. येणारेजाणारे हसत होते. झुहदीला वाटलं, एकटेपणाने ह्याचं डोकं फिरलं.

ऊन उतरलं तेव्हा चढावरून एक दाढीवाला तरुण खांद्यावर पिशवी घेऊन आला आणि टेबलापासून जरा लांबच थांबला. मान खाली होती. झुहदी डोळे बारीक करून बघू लागला आणि त्याच्या हातातली मिठाईची परात कलंडली.

मुफलिहने दुसरा पेला भरला.

"ये, राकान," तो म्हणाला. "तुझा पाय उंबऱ्याच्या आत पडू देणार नाही, एवढीच शपथ होती. फुटपाथ नगरपालिकेचा आहे."