ओमला कोणता आवडेल?

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं तोच धनराज वाकून आत शिरला.

"अहो काका, थांबा जरा! झाडू तरी मारू द्या," आतली मुलगी म्हणाली. शर्टाच्या खिशावर तिचं नाव होतं, सायली.

"मार ना बाई. मला फक्त हेडफोन दाखव, भारीतले. पोराला पाहिजेत. लय घाई आहे."

"एवढी कसली घाई?"

"रुसून बसलाय. सकाळपासून सगळे हात जोडून उभे आहेत. मामा झाला, आत्या झाली, ऐकायलाच तयार नाय."

सायलीला हसू फुटलं. "केवढा आहे हो?"

"वीस. इंजिनिअरिंगला."

"वीस!" तिनं कपाळावर हात मारला. "आणि नाव काय या लाडोबाचं?"

"ओम."

"काका, तुमची पँट केवढी भिजलीय!"

"पाण्यात उभा होतो. आठवलं तसा निघालो."

धनराजची मखमलाबादला गुलाबाची शेती. तसं त्यानं सांगितल्यावर सायलीनं पुढे काही विचारलं नाही. कॉलेज रोडच्या त्या दुकानात पोरं यायची ती संध्याकाळी, तासभर फुकटात गाणी ऐकून पसार व्हायची. हे गिऱ्हाईक घेणारं दिसत होतं. तिनं झाडू कोपऱ्यात टाकला आणि काउंटरवर दोन हेडफोन मांडले.

धनराजनं दोन्ही लगेच ओळखले. दिवाळीच्या आधी ओमनं फोनवर हेच दोन दाखवले होते. यातला एक घेऊ का पप्पा, म्हणाला होता. आणि धनराज फाडकन बोलून बसला, "आधीच घरात तोंड उघडत नाहीस, आता कानपण बंद करून घे!"

प्रश्न पैशाचा नव्हताच. गुलाब बरे चालले होते. पण दिवसभर शेतात गडी, बायका, मार्केटला व्यापारी, नुसती माणसंच माणसं. आणि घरी आलं की धनराज एकटा. मंगला टीव्हीपुढे. ओमच्या कानात कायम ती स्वस्तातली इअरफोनची बोंडं. धनराज पोराच्या पाठीशी बोलायचा, मोटरचं, पावसाचं, काहीबाही, आणि उत्तर आलं नाही की उठून ओट्यावर जाऊन बसायचा. आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायचं त्याला. त्यात हे असलं भारी यंत्र आणून दिलं, तर पोरगं पुरतंच हातचं जाईल, अशी धास्ती होती. म्हणून नाही म्हणाला.

ओमनं पुन्हा तो विषय काढला नाही. कुठलाच काढला नाही.

आज सकाळी मंगलानं रडत रडत सगळं कबूल करून पाहिलं होतं. बुलेट घेऊ, मित्रांबरोबर गोव्याला जा. ढिम्म! मग धनराजला हे आठवलं.

"हा आवाजाचा राजा," सायलीनं पहिला हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि बासरी लावली.

धनराजनं आजवर गाणं ऐकलं ते ट्रॅक्टरवर. इथे बासरीवाल्यानं श्वास घेतला, तोही ऐकू आला. अरेच्चा, असं असतं होय हे! पण यंत्र जड होतं. थोड्या वेळानं कानशिलं चेपायला लागली, चष्म्याच्या काड्या रुतल्या.

"ओमला चष्मा आहे," तो म्हणाला.

"मग हा बघा. आवाज उन्नीस-बीस, पण गाद्या लोण्यासारख्या मऊ."

दुसरा चढवला आणि रस्ता बंद पडला. रिक्षा, हॉर्न, शेजारचं शटर, सगळं गेलं. सायलीचे ओठ हलत होते. धनराज डोळे मिटून उभा राहिला. पोरगं आपल्याला टाळत नव्हतं तर. त्याला इथे बरं वाटत होतं, बस्स. एवढंच होतं, आणि आपण मात्र मनाला लावून घेतलं.

"फोन लावून विचारा ना त्याला," हेडफोन उतरल्यावर सायली म्हणाली.

"नाय उचलणार."

"चहा सांगू?"

"नको गं. त्यानं तोंड लावल्याशिवाय आज कुणी काही घेणार नाय."

"बापरे! फारच लाडावून ठेवलाय हं तुम्ही."

"नाय लाडावला," धनराज म्हणाला. "लाडावायला पाहिजे होता."

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. मेव्हणा, केरू. "भाऊजी, कुठे आहात? ऊन चढलं, सगळे ताटकळलेत. आता दुसरं काहीतरी करू या म्हणतात."

"नाय! मी येईपर्यंत कुणी काही करायचं नाय," धनराज ओरडलाच. त्यानं फोन ठेवला. "पोरी, खरं सांग. तुला काय वाटतं, कोणता आवडेल त्याला?"

"आवाजाचा दर्दी असेल तर पहिला. पण चुकला तरी काय एवढं? आठवड्यात बदलून देतो आम्ही."

"बदलायला मिळायचं नाय मला."

त्यानं दोन्ही पुन्हा हातात घेतले. ओम तासन्‌तास कानात घालून बसायचा. झोपला तरी काढायचा नाही. सकाळी कान लालबुंद. मंगला हळद लावू का विचारायची, तो चिडायचा.

"दुसरा दे," धनराज म्हणाला. "दुखायला नको त्याला."

सायलीनं खोक्याला चमकी कागद लावला, वर लाल फीतही बांधली. "सांगा त्याला, ताईनं सांगितलंय, आता रुसवा सोड."

"सांगतो," म्हणत तो पळालाच.

गाडी कशीबशी लावून धनराज पायऱ्या उतरला. माणसं बाजूला झाली. मंगलानं डोळ्याला लावलेला पदर काढला नाही. त्यानं फीत सोडली, कागद फाडला, हेडफोन जपून बाहेर काढला आणि खाली ठेवला.

"आणला रे ओम," तो म्हणाला. "चष्म्यावर टोचत नाय, मी घालून बघितला. चुकलं माझं. आता तरी ये."

समोरच्या कठड्यावर सकाळपासून नुसता बघत बसलेला कावळा उडाला, आणि गोदावरीच्या काठी मांडलेल्या ओमच्या दहाव्याच्या पिंडाला शिवला.