पाठ मोकळी

टाचा भिंतीला टेकल्या. कंबर टेकली, खांदे टेकले. डोकं मात्र काही केल्या टेकेना.

मास्तरांनी हनुवटी आत ओढून पाहिली, मान ताणून पाहिली. शेवटी डोक्यामागे हात घातला. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं आरामात शिरली. शिलाईचं दुकान उघडायला अजून अर्धा तास होता, शटर खाली होतं, म्हणून बरं. नाहीतर मास्तरांना शाळेसारखं भिंतीशी उभं केलंय म्हणून गल्लीभर झालं असतं.

काल डॉक्टरीणबाईंनी त्यांना असंच उभं केलं होतं. मशीनवर बसून बसून पाठ धरते, असं गेली सहा वर्षं सगळेच म्हणत होते आणि सगळ्यांत आधी मास्तर स्वतः. बाईंनी रक्त तपासलं, मणक्याचे फोटो पाहिले आणि सांगितलं, हे मशीनचं नाही. मणक्यांचा सांधेवात आहे. सूज येत राहते, आणि लक्ष दिलं नाही तर मणके एकमेकांना चिकटू शकतात. हे दुखणं आता जन्माचं. पण औषधं आहेत, व्यायाम आहे, सगळ्यांचीच पाठ काही वाकत नाही. त्यातलं 'वाकत' तेवढं मास्तरांच्या कानात राहिलं. 'नाही' येताना वाटेतच कुठेतरी सांडलं.

वाकणारी पाठ कशी वाकत जाते, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी मापांची वही उघडली. जुनं गिऱ्हाईक असलेल्या घड्याळजींचं पान. म्हाताऱ्यानं दर वर्षी एक शर्ट शिवून घेतला होता. पाठ वाकली की शर्ट मागून वर चढतो, म्हणून मागचा भाग जास्त लांब कापायचा. पहिल्या वर्षी अर्धा इंच जास्त. मग एक. मग दीड. शेवटच्या शर्टाला अडीच. सगळे आकडे पेनने लिहिलेले आणि आधीचा प्रत्येक आकडा काटलेला. वहीत पेन्सिल चालायची ती फक्त पोरांच्या मापांना. पोरं वाढतात, खोडावं लागतं.

वाकलात, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचं कसं? म्हणून दुकानात एक शब्द ठरलेला होता. मास्तर टेप लावून म्हणायचे, "पाठ मोकळी." मग टेबलाशी बसलेली बायको मुकाट्यानं मागचं माप वाढवून लिहायची. शेवटी शेवटी घड्याळजी इतके वाकले, की माणसांना चपलांवरून ओळखायला लागले. "काय वहिनी, नवीन चपला वाटतं!" म्हणायचे. सगळे हसायचे. मास्तरही हसायचे. आज ते हसणं आठवून त्यांनी वही मिटली.

मागचं दार उघडून बायको आत आली. कानावर पेन्सिल, हातात चहा.

"झाली का भिंत मोजून?"

"काही नाही गं. जरा पाठ आखडली होती, म्हणून..."

"फाईल वाचली मी."

मास्तर हळूच म्हणाले, "सापडली कुठे?"

"अहो, मशीनच्या खणात तेलाच्या बाटलीखाली लपवलीत. मशीनला रोज तेल कोण घालतं?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले. "फार भीती वाटतेय."

"मग मला काय गंमत वाटतेय? पहाटे वाचली, तेव्हापासून हातपाय गार पडलेत माझे." तिनं चहा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. "वळा तिकडे. माप घेते."

"माझं?"

"दुकानात दुसरं आहे का कोणी?"

मग उलटंच काम झालं. ती मागे टेप घेऊन, आणि मास्तर टेबलाशी वहीपुढे उभे. मेहुण्याच्या लग्नाच्या वेळी लिहिलेलं त्यांचं स्वतःचं पान निघालं. पुढे साडेसतरा, मागे साडेसतरा. पेननं, ठळक.

"पुढे साडेसतरा," ती म्हणाली.

मग तिचा अंगठा त्यांच्या मानेच्या हाडावर आला. टेप पाठीवरून कमरेपर्यंत उतरला. तिथे थांबला. वर गेला आणि पुन्हा उतरला. वीस वर्षांच्या धंद्यात माप ते एकदाच घेत. दुसऱ्यांदा टेप लावायचा, तो फक्त आकडा पटला नाही तर.

"मोकळी ना?" त्यांनी विचारलं.

"मोकळी-बिकळी गिऱ्हाइकांना. तुम्हाला मी सरळ सांगते." तिनं टेप सोडला. "मागे अर्धा इंच जास्त."

घड्याळजींचा पहिला आकडाही अर्धाच होता. मास्तरांनी जुनं माप काटायला पेनचं टोपण काढलं. ते हातातून सुटून टेबलाखाली घरंगळलं.

तिनं मागूनच त्यांचं मनगट धरलं.

"पेननं नको," ती म्हणाली आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या बोटांत दिली. तिचं टोक आताच केलेलं होतं.